पाच चाकांचं कुलूप

नाही, ताई, तसं नाही होत. पेटी काउंटरवर ठेवली, "एवढं उघडून द्या" म्हटलं आणि मी उघडली – असं चालत असतं तर एव्हाना निम्म्या गावाच्या पेट्या माझ्या हातून गेल्या असत्या. कुणाची आहे ते आधी सांगा. घरची आहे ते दिसतंय – चोरीची पेटी माणूस पिशवीत घालून आणतो, घरची टॉवेलात गुंडाळून आणतो, इतकी वर्षं काउंटरमागे बसून तेवढं तरी कळायला लागलंय मला. पण घरची म्हणजे घरातल्या कुणाची? सासूबाईंची? नाही. मग? – बोला की. मी कुणाला सांगायला जाणार आहे? कुलूपवाल्याच्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे विहिरीत पडलेली किल्ली, परत वर येत नाही. – मिस्टरांची. मला वाटलंच. आणि मिस्टर आत्ता कामावर. साहजिक आहे. ते घरी असते तर तुम्ही इथे कशाला असता.

बसा. त्या स्टुलावर बसा, एक पाय आखूड आहे त्याचा, जरा सांभाळून. नाही, उघडतो असं म्हणालो नाही मी अजून, नुसतं बघतो. हं. पाच चाकांचं. किल्लीच नाही – म्हणजे माझ्यासारख्याच्या पोटावर पायच. हे कुलूप कोण घेतं सांगू का? ज्याला चोराची भीती असते तो किल्लीचं घेतो. चोर बाहेरचा, त्याला किल्ली सापडत नाही. घरच्या माणसाला सापडते – उशीखाली, डब्यात, शर्टाच्या खिशात, कुठेही ठेवा, घरचं माणूस हुडकून काढतंच. म्हणून ज्याला घरच्याच माणसापासून काही झाकून ठेवायचं असतं ना, तो हे असलं घेतो, ज्याची किल्ली फक्त डोक्यात असते. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. आपलं अनुभवाचं बोलतोय. तोंड उतरवू नका लगेच. असेल काहीतरी साधंच, पुरुषाच्या पेटीत काय असतं – जुनी पदकं, तुटकं घड्याळ, एखादा फोटो. कुणाचा ते मला काय माहीत. मी आपला "फोटो" म्हणालो.

कापून? कापून उघडता येतं की. कटर आणला, दांडीवर लावला, खाट्कन दोन तुकडे. मग संध्याकाळी मिस्टर घरी आल्यावर काय सांगणार? उंदराने कुरतडलं? कापायचंच असतं तर माणूस कशाला विचार करत बसेल – कापायचं नाही, खूण ठेवायची नाही, उघडून बघायचं आणि होतं तसं लावून टाकायचं, इथेच तर घोडं पेंड खातं. नुसतं चाचपून उघडतात काही कुलपं, दांडी ओढून धरायची आणि चाक फिरवायचं, जिथे अडखळेल ते अक्षर. स्वस्तातल्यांचं होतं तसं. ह्या कंपनीचं नाही होत. चाकं इतकी गुळगुळीत आहेत की बोटांना काही म्हणजे काही लागत नाही. दिवसभर बसा, नाही लागत. मला कसं माहीत म्हणजे? – माझा धंदा आहे, ताई. असं बघू नका.

आता बघा, ह्या प्रत्येक चाकावर दहा अक्षरं आहेत, इंग्रजी. सगळी नाहीत – सव्वीसच्या सव्वीस बसवली तर चाक बशीएवढं होईल. पहिल्यावर एस, बी, टी, पी, एच, डी अशी, मधल्या चाकावर बरेचसे स्वर, शेवटच्यावर ई, डी, टी, वाय. म्हणजे मनात येईल तो शब्द चालत नाही. पाच अक्षरांचाच पाहिजे, आणि ह्याच अक्षरांतून होणारा पाहिजे. जोड्या लाखभर होतात, पण त्यातल्या बहुतेकांना अर्थ नाही, आणि अर्थ नसलेली अक्षरं कुणी लावत नाही. विसरतो ना माणूस. म्हणून तो शब्द लावतो, आणि शब्द लावला की मनातलं थोडं बाहेर आलंच. त्यामुळे मी कुलपाला नाही विचारत, मी माणसाबद्दल विचारतो. मिस्टर काय करतात? बस चालवतात. इंग्रजी किती येतं? पाट्या वाचण्यापुरतं. झालं तर मग. ब्रेक घ्या आधी – बी, आर, ए, के, ई. ब्रेक म्हणजे आपला गाडीचाच. – नाही. ट्रक? ट्रकवर होते का कधी? टी, आर, यू, सी, के. – नाही. हाऊस, म्हणजे घर. निम्मी माणसं हाऊस लावतात. – नाही. मनी, म्हणजे पैसा, ह्याच चाकांवर बसतो. – तोही नाही. बरं आहे की, पैशाचा माणूस नाही तुमचा.

शेअर, म्हणजे वाटा. शीट, चादर. स्टोन, दगड. प्लेट, ताटली. शोअर, किनारा. – माझं इंग्रजी? छे हो, मी कुठला शिकलेला. पाचवीपासून वडिलांच्या हाताखाली कानस चालवतोय. हे शब्द मला पाठ झालेत ते आमच्या घरी ऐकून. आमची ही म्हणते ना – कपडे वाळत घालताना, भांडी पुसताना, भिंतीकडे बघून. "स्टोन म्हणजे दगड. शीट म्हणजे चादर." ओल्या चादरीची टोकं माझ्या हातात आणि ही मला चादरीचं इंग्रजी सांगते. क्लास लावलाय तिने. ह्या वयात. बाजारामागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड बाई आहेत, त्या बायकांना इंग्रजी शिकवतात. त्यांची पद्धत म्हणे अशी – तीन अक्षरं द्यायची, ती घालून पाच अक्षरी शब्द करून आणायचे, अर्थासकट. ए, आर, टी दिले की ही रात्रभर – म्हणजे जेवणं होईपर्यंत – वॉटर, पाणी. पार्टी, मेजवानी. हार्ट, काळीज. अर्थ म्हणजे पृथ्वी म्हणे. मी म्हटलं, अर्थ म्हणजे पृथ्वी तर मग पृथ्वी म्हणजे काय? हसली नाही. पूर्वी हसायची असल्या बोलण्याला.

तुम्हीच सांगा, पन्नाशी उलटलेल्या बाईला इंग्रजी कशाला लागतं? भाजीवाला इंग्रजी बोलतो? मी बोलतो? मी विचारलं तर म्हणाली, "असू दे की, डोक्याला गंज चढत नाही." गंज म्हणे. कुलूपवाल्याच्या बायकोने गंजाची उपमा दिली की समजावं, उत्तर तयार ठेवलेलं होतं. संशय घेणारा माणूस नाही हो मी. पण धंदाच असा – दिवसभर माणसं येतात आणि "घरातल्यांना कळू न देता" एवढंच बोलतात, मग नजर बदलते. एकदा गेलो मी तिच्या मागोमाग. मागोमाग म्हणजे – त्या इमारतीच्या जाळीच्या दाराचं कुलूप मीच बसवलेलं आहे, ते बघायला गेलो, आणि नेमकी तिच्या क्लासची वेळ होती. जिन्याखाली उभा राहिलो. वरून सगळ्या बायकांचा आवाज येत होता. मग बाईंनी हिचं नाव घेतलं आणि ही उठून, मोठ्याने, अगदी शाळेतल्या मुलीसारखं – "प्लेन म्हणजे विमान." टाळ्या. चादर नाही, ताटली नाही, नेमकं विमान. मी तिथेच पायरीवर बसलो. वॉचमनने विचारलं, "काका, कुलूप खराब झालंय का?" म्हटलं, नाही, ठीक आहे.

डेथ लावून बघू? डेथ म्हणजे मरण. घाबरताय काय, शब्द आहे नुसता, चाकावर बसतो म्हणून म्हटलं. – नाही. बरं झालं. ब्लाइंड, आंधळा? – नाही. पाणी देऊ का? तो जग घ्या, ग्लास मागे आहे. – नको? बरं, राहू दे. – हो, हे सगळे मी लावून बघितलेत, म्हणूनच पटापट येतायत तोंडात. कुठे बघितलेत म्हणजे, असंच, धंद्यात. – बरं, आता विचारलंतच तर सांगतो, तुमचं मी ऐकलं ना, मग माझं तुम्ही ऐका, फिटंफाट. अस्सं कुलूप माझ्या घरी आहे. हेच. हीच कंपनी, हीच चाकं. आमच्या हिने लावलंय, एका पत्र्याच्या पेटीला. आणलं कुठून? माझ्या दुकानातून. ह्या मागच्या खिळ्यावरून. मी समोर बसलेलो, किल्ली घासत, आणि ही आली, एवढ्या शंभर कुलपांतून नेमकं हे काढलं, "एक नेतेय" म्हणाली आणि गेली. ह्या दुकानात अशी एकच जात आहे कुलपाची जी मला किल्लीने उघडता येत नाही, आणि तिने तेच नेलं. योगायोग म्हणता तुम्ही ह्याला? तीन वर्षं बसलीय ती ह्या दुकानात, माझा हात मोडला तेव्हापासून पुढे. कुठलं कुलूप काय आहे ते तिला माझ्याइतकंच माहीत आहे.

आणि पेटी लपवलीय म्हणाल, तर तेही नाही. मधल्या फळीवर. माझ्या चष्म्याच्या घराशेजारी. सकाळी चष्मा घ्यायला हात घातला की बोट कुलपाला लागतं. फडक्याने पुसते ती रोज, कुलूपसुद्धा पुसते, चकचकीत. मला वाटतं मुद्दाम. चिडवायला. तिच्या क्लासच्या वेळी मी आपला चहाला म्हणून घरी जातो आणि बसतो चाकं फिरवत. हाऊस, मनी, शेअर – सगळे झाले. प्लेन तर पहिल्याच दिवशी. हार्ट – म्हटलं असेल बुवा, काय सांगावं. लीव्ह म्हणजे सोडून जाणं, तोही लावायला गेलो, पण चौथ्या चाकावर व्ही नाहीच. तेव्हा जरा बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. एकदा ती लवकर आली. मी कुलूप हातात धरून बसलेला. मी म्हटलं, तेल घालतोय. तर पायातल्या चपला काढता काढता म्हणते कशी, "तुमच्याच दुकानातलं आहे ते. तुम्हाला काय अवघड?" आणि आत गेली. हे बोलणं झालं का? नवऱ्याच्या धंद्याला असं टोचून बोलतात? त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलतो. म्हणजे आधीही फार बोलत होतो अशातला भाग नाही.

काय असणार पेटीत? मला माहीत आहे काय आहे. तिकीट आहे. लेक आहे आमची, एकुलती एक, सातासमुद्रापार. तिकडेच लग्न केलं. केलं म्हणजे करून कळवलं. जावई तिकडचाच, त्याला आपल्या भाषेचं ओ की ठो येत नाही, आणि नातू – नातवालाही नाही येत. फोन येतो दर रविवारी. मी नाही बोलत. भांडण वगैरे काही नाही, मला बोलायचंच नाही. फोन वाजला की मी गॅलरीत जातो, जुन्या कुलपांना तेल घालतो. ऐकू येतं तिथपर्यंत. ते पोर पलीकडून बडबड करतं आणि ही इकडून "यस, यस, गुड, गुड," एवढंच. मग फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसते, हातात फोन घेऊन. एकदा म्हणाली, "आजी म्हणून त्याला दोन वाक्यं सांगता येत नाहीत मला, तोंडाला कुलूप लागल्यासारखं होतं." मी म्हटलं, मग त्यांनी शिकवावी त्याला आपली भाषा. झालं, पुढच्या महिन्यात हिने क्लास लावला. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात कुलूप नेलं. आता घाला तुम्हीच सांगड. शब्द शिकायचे, पेटी भरायची आणि एक दिवस विमान म्हणजे प्लेन. आणि मी इथे. ह्या खुर्चीत. संध्याकाळी घरी जायचं आणि आपलंच कुलूप आपणच उघडून आत जायचं.

गेली तर परत येईल का हो? तुम्ही बाई आहात म्हणून विचारतो. लेकीकडे गेलेली बाई येते परत? शेजारच्या इस्त्रीवाल्याची आई गेली मुलाकडे सहा महिने म्हणून, ती तिकडचीच झाली. आमच्या हिचं इथे काय आहे – दोन खोल्या आणि कमी बोलणारा नवरा. मी माझ्या मनाची तयारी करून ठेवलीय. कपाटात दोघांचे पासपोर्ट असायचे, लेक गेली त्या वर्षी काढलेले, मग ते लग्नाचं झालं आणि राहून गेलं. परवा बघतो तर तिचा नाही. ते एक समजू शकतो. पण माझाही नाही. माझा कशाला हलवला? मी तिच्यामागे जाईन म्हणून? की रागाच्या भरात फाडीन म्हणून? आणि फोटो. मध्ये मला फोटोवाल्याकडे घेऊन गेली, "बँकेत लागतोय" म्हणाली. पांढरा पडदा, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. मी विचारलं, कुठल्या बँकेला माझे कान बघायचेत? तर फोटोवाला हसला आणि ही पण हसली, खूप दिवसांनी. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मागे सोडून जायच्या माणसाचे कागद आधी नीट करून ठेवतात, त्याला अडचण नको म्हणून.

आणि आज सकाळी म्हणते, "दुपारी जेवायला घरी या. बोलायचंय." दुपारी मी कधी घरी जात नाही, डबा असतो माझा. आज डबाच नाही दिला. मी म्हटलं, आज जमणार नाही, मोठं काम आलंय. कसलं काम – बघा ना, तुम्ही येईपर्यंत माशा मारत होतो. पण ते बोलणं आज नको मला. उद्या बोलू दे, परवा बोलू दे. म्हणून तर तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलंय. नाहीतर एवढं कोण बोलतं गिऱ्हाइकाशी.

असो. तुमचं बघू. मिस्टरांनी हे घेतलं कुठून? – माझ्याकडून? बसवाले, मिशीवाले, उंच? हां, आठवले, वाकून आले होते दारातून. मग मी त्यांना सांगितलं असणार, सगळ्यांना सांगतो, तोंडपाठ आहे माझं. हिलाही पाठ आहे, ती तीन वर्षं हेच सांगत होती गिऱ्हाइकांना, माझ्यापेक्षा बरं सांगायची. काय सांगतो म्हणजे – हे नवं कुलूप कारखान्यातून येतं ना, ते एकाच शब्दावर लावून येतं. सगळी तशीच. डबीवर घोड्याचं चित्र आहे, म्हणून घोडा. हॉर्स. "साहेब, हा शब्द जगाला माहीत आहे, घरी जाऊन पहिलं काम काय कराल तर हा शब्द बदला, नाहीतर कुलूप लावलं काय आणि नाही लावलं काय, सारखंच." असं. आणि करूनही दाखवतो. हे बघा, असं धरायचं, अक्षरं ह्या पांढऱ्या रेघेवर आणायची. एच. मग ओ. आर. एस – थांबा, पुढे गेलं – एस. आणि ई. हा झाला घोडा, आता दांडी ओढायची आणि मागची ही खीळ दाबून धरली की नवा शब्द –

–

उघडलं.

थांबा. झाकणाला हात लावू नका. मला बघू द्या आधी. कुलूप बघतोय, ताई, पेटी नाही, पेटीत मला रस नाही. उघडलंय खरं. घोड्यावरच होतं. माणसाने बदललाच नाही शब्द. विसरला म्हणता? विसरेल कसा, मी पुढ्यात बसवून सांगतो एकेकाला. आळस म्हणाल तर एवढंसं काम ते. नाही. ऐका माझं. ज्याला झाकायचं असतं ना, तो पहिलं काम शब्द बदलण्याचं करतो. त्याला रात्री झोप लागत नाही बदलल्याशिवाय. ज्याने बदललाच नाही, त्याने – काय म्हणू आता – त्याने नुसतं मिटून ठेवलंय. दार लोटून घेतात तसं. आतून कडी नाही घातली. तुम्ही कधी विचारलंत त्यांना, काय आहे पेटीत म्हणून? नाही ना? मीही नाही – मी म्हणतोय, नवरा-बायकोत विचारायचं राहून जातं.

नाही, मी ठीक आहे. ते पाणी तुम्ही नको म्हणालात ना, मला द्या.

तिला माहीत आहे हो. घोडा कुणाला माहीत नसेल तर तिला माहीत आहे, तीन वर्षं सांगत होती लोकांना, ह्याच स्टुलावर बसून. आणि मला माहीत आहे हे तिला माहीत आहे. मी दगड लावला, चादर लावली, मरण लावलं – आपल्याच बायकोच्या पेटीला मी मरण लावून बघितलं – आणि जे पहिल्या दिवशी शेंबडं पोरही लावून बघेल ते लावलं नाही. का, तर माझी बायको, ती कशी घोड्यावर ठेवेल, ती काहीतरी खोल शब्द शोधून काढेल, मला चकवायला. "तुमच्याच दुकानातलं आहे ते, तुम्हाला काय अवघड?" मी टोमणा समजलो. रोज पुसत होती, माझ्या चष्म्याशेजारी ठेवत होती. आता आणखी कुठे ठेवायची होती तिने, माझ्या ताटात?

अजून नक्की नाही काही. बदललाही असेल. मी घरी जाऊन लावेन आणि नाही उघडणार, असंही होईल. पण मग माझा फोटो कशाला? कान दिसणारा? माझा पासपोर्ट कशाला तिच्या पेटीत? ज्याला मागे सोडायचं त्याचा पासपोर्ट कुणी बरोबर घेतं का? – तुम्ही का मान हलवताय? तुम्हाला मघाशीच कळलं होतं होय. मग बोलायचं की. मला बोलू देत बसलात इतका वेळ.

घ्या, हे अडकवून देतो पुन्हा आणि चाकं फिरवून ठेवतो. शब्द तुम्हाला माहीत झाला. इथे उघडू नका, माझ्यासमोर नको. संध्याकाळी मिस्टर आले की पेटी मध्ये ठेवा आणि त्यांना विचारा, आणि ते बघत असताना लावा घोडा. नाही हो, ह्याचं काय घ्यायचं, मी केलं काय त्यात. तो टॉवेल राहिला तुमचा. उठा आता, ताई. हो, दुपारीच बंद करतोय. त्या पेटीत तिकिटं किती आहेत, एक की दोन, एवढं एकदा बघू दे मला. नाही – बघायचं नाही. विचारायचं. जेवायला बोलावलंय तिने. शटर जड आहे, जोरात येतं खाली, तुम्ही जरा पाय बाजूला घ्या.